फौजी आजोबांचे हसरे आयुष्य लिहून कसे ठेवावे

सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा रायगड जिल्ह्यातील एखाद्या गावात माजी सैनिक असलेले आजोबा गेले की चौकात फलक लागतो. गणवेशातील तरुणपणीचा फोटो, हुद्दा, पलटणीचे नाव आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढाच त्यावरचा मजकूर असतो. त्याच वेळी घराच्या ओसरीवर बसलेली माणसे त्यांच्या नकला, त्यांनी केलेल्या फजित्या आणि पत्त्यांतील त्यांची लबाडी आठवून डोळे पुसता पुसता हसत असतात. फलक काही दिवसांत उतरतो; किस्से मात्र ते सांगणाऱ्या माणसांबरोबर एकेक करून नाहीसे होतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि त्यांची आठवण गावातील स्मृतिस्तंभाने जपली. रणांगणावर पडलेल्यांसाठी दगड उभा राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे. पण जे परत आले, ज्यांनी पुढची चाळीस वर्षे शेती केली, नातवंडांना खांद्यावर मिरवले आणि अख्ख्या आळीला हसवले, त्यांच्यासाठी घरच्यांनी लिहिलेली चार पाने हेच स्मारक असते. ती पाने कशी तयार करावीत, याचे हे मार्गदर्शन आहे.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. सैनिक आणि गमत्या माणूस असे दोन वेगवेगळे आजोबा नसतात. कुटुंबे बहुतेक वेळा लिहायला बसली की पहिल्याला पुढे करतात आणि दुसऱ्याला संकोचाने मागे ठेवतात, कारण शौर्याशेजारी विनोद शोभणार नाही असे त्यांना वाटते. ज्याने पलटणीतील जीवन जवळून पाहिले आहे त्याला हा संकोच पटणार नाही. बर्फात, तंबूत, रेल्वेच्या मिलिटरी डब्यात आणि पहाऱ्याच्या रात्रींत माणसे एकमेकांना धरून राहिली, त्यात थट्टामस्करीचा वाटा मोठा होता. आजोबांची हसवण्याची कला त्यांनी बहुधा तिथेच घासून घेतलेली असते, म्हणून ती त्यांच्या सेवेचाच भाग समजून लिहावी.

आधी माणसे, मग कागद

कागद ट्रंकेत आणखी वर्षभर टिकतील, आठवणी सांगणारी माणसे टिकतीलच असे नाही. म्हणून सुरुवात माणसांपासून करावी. आजोबा नुकतेच गेले असतील तर तेराव्यापर्यंतचे दिवस या कामासाठी फार मोलाचे असतात, हे ऐकायला कठोर वाटले तरी खरे आहे. एरवी पाच वर्षांत न भेटणारी माणसे त्या दिवसांत घरी येतात: आजोबांचे मामेभाऊ, शेजारच्या गावातील पलटणीचे सोबती, मुंबईला गेलेले शाळासोबती. घरातील एखाद्या शांत स्वभावाच्या मुलाला किंवा मुलीला एवढेच काम द्यावे की आलेल्याचे नाव, गाव, आजोबांशी ओळख केव्हाची आणि फोन क्रमांक वहीत लिहून घ्यायचा, आणि जो किस्सा सांगितला जाईल त्याची एक ओळ टिपायची. सविस्तर बोलणे महिन्याभराने, दुःख थोडे निवल्यावर करता येते. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर समोरच्याला सांगूनच करावे.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘आजोबा कसे होते?’ असे विचारले की ‘देवमाणूस’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्यापुढे संभाषण हलत नाही. त्याऐवजी लहान आणि नेमके प्रश्न विचारावेत. ते तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारीत? रजेवर आले की पहिल्या संध्याकाळी कुठे जाऊन बसत? ट्रंक उघडल्यावर सर्वांत वर काय असे? नक्कल कोणाची करीत आणि ती करताना हात कसे हलवीत? पत्ते खेळताना चोरी कशी करीत आणि पकडले गेल्यावर काय म्हणत? अशा प्रश्नांना माणसे केवळ उत्तर देत नाहीत, तर उठून उभी राहून करून दाखवतात, आणि तेच आपल्याला हवे असते.

त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. फौजेत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाच्या बोलण्यात गावाकडची मराठी आणि पलटणीची हिंदी यांची मोठी गोड सरमिसळ झालेली असते. जेवणाला ते ‘लंगर’ म्हणत असतील, घरातील माणसे मोजताना ‘नफरी किती?’ असे विचारत असतील, दिवाळीच्या फराळाला ‘बडा खाना’ म्हणत असतील. लिहिताना या बोलण्याची शुद्ध मराठी करण्याचा मोह टाळावा, कारण वाचणाऱ्या नातेवाइकाच्या कानात आवाज उमटतो तो याच शब्दांमुळे.

नातवंडांना सर्वांत आधी विचारावे, कारण त्यांच्या आठवणी सर्वांत लवकर पुसट होतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या खिशात कोणत्या गोळ्या असत, ते कानामागून नाणे कसे काढत आणि शिंक आली की काय ओरडत, हे मोठ्यांपेक्षा अधिक अचूक ठाऊक असते.

आजीशी मात्र घाई करू नये. तिच्याशी वेगळे, एकटे आणि अनेकदा थोडे थोडे बोलावे, शक्य तर एखादे हातकाम चालू असताना. आजोबा हसतमुख होते, हे सांगताना घरच्यांच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. जवानाला वर्षाकाठी साधारण दोन महिन्यांची रजा मिळे; उरलेले दहा महिने शेत, सासू-सासरे, मुलांची आजारपणे आणि मनीऑर्डरची वाट पाहणे हे सारे आजीकडे होते. आजोबांच्या रजेतील गमतीजमतींना जागा मिळाली ती तिने मागे घर उभे ठेवले होते म्हणून. ‘५६ ए. पी. ओ.’ असा फौजी टपालाचा पत्ता घालून ती कोणाकडून पत्र लिहून घेई, उत्तर कोण वाचून दाखवी, वाचणाऱ्यासमोर काय लिहिता येत नसे, हे तिला विचारावे. माझ्या मते ज्या आठवणींच्या पुस्तकात आजीचे एक पूर्ण प्रकरण नाही, ते पुस्तक अपुरे आहे.

आजोबा अजून आहेत, तर

तर हे काम आजच सुरू करावे. एका बैठकीत अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ बसवू नये, आणि हातात प्रश्नांची यादी घेऊन तर मुळीच बसू नये. त्यांच्यासमोर एखादी वस्तू ठेवावी: जुना मग, पट्ट्याचे बक्कल, पांढऱ्या रंगाने नाव आणि क्रमांक लिहिलेली काळी ट्रंक, रंगरूट (नवा भरती झालेला जवान) असतानाचा गटफोटो. फोटोतील प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून ‘हा कोण?’ एवढे विचारले की भरपूर बोलणे निघते. बेळगावच्या प्रशिक्षण सेंटरवर पहिल्या दिवशी काय खायला दिले, उस्ताद (प्रशिक्षक) कोणत्या चुकीला कोणता रगडा (शिक्षेची कसरत) देत, बूट चावला तेव्हा काय केले, असे साधे प्रश्न माणसाला मोकळे करतात.

लढाईबद्दल ते स्वतः बोलले तर ऐकावे. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा प्रश्न कोणीही, अगदी लहान मुलांनीही, विचारू नये असे मला मनापासून वाटते. हसवणारी माणसे दुःखाच्या जवळ आली की एकदम विनोद करून बाजूला होतात. एखादा सोबती कसा गेला हे सांगता सांगता ते अचानक लंगरातील आचाऱ्याची गोष्ट सुरू करतील. त्यांना परत त्या जागी ओढू नये. आचाऱ्याची गोष्ट ऐकावी आणि वहीत एवढेच नोंदवावे की इथे त्यांनी विषय बदलला. पुढे लिहिताना ती नोंदही उपयोगी पडते.

ट्रंकेतील कागद आणि पदके

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे डिस्चार्ज बुक, फौजेतून निवृत्त होताना मिळणारी सेवेची पुस्तिका. त्यात आर्मी नंबर, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, हुद्दा, मिळालेली पदके अशा नोंदी असतात. त्यासोबत पेन्शनचा आदेश, बढतीची पत्रे आणि असल्यास मानद नायब सुभेदार किंवा मानद कॅप्टन हुद्द्याचे पत्र शोधावे. ही कागदपत्रे हरवली असतील तर त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे निकटच्या वारसाने अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर, बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलासाठी खडकी आणि तोफखान्यासाठी नाशिक रोड ही ठिकाणे आहेत. अर्ज कसा करावा याचे मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

पदके वाचायला शिकावे, कारण ती बरेच काही सांगतात. १९७१ च्या युद्धाच्या काळात फौजेत असलेल्यांना संग्राम मेडल मिळाले. पण पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार दिला गेला. म्हणजे आजोबा त्या डिसेंबरात बांगलादेशाच्या बाजूला होते की पंजाब, राजस्थान, काश्मीरच्या, याचे उत्तर एका स्टारवरून मिळू शकते. १९६५ साठी तसेच समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल हे भेद आहेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक मिळाले, आणि ९ व २० वर्षांच्या सेवेची स्वतंत्र पदके आहेत. पदकाच्या कडेवर बहुधा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. भिंग घेऊन ते पाहावे.

यातील कोणत्याही पदकाला ‘शौर्यपदक’ म्हणू नये. वीरचक्र किंवा शौर्यासाठी दिलेले सेना मेडल ही शौर्यपदके असतात, वरील पदके सेवेची आणि मोहिमेतील सहभागाची आहेत. काही घरांत कौतुकाच्या भरात हा फरक पुसला जातो आणि मग त्याच पलटणीतील जाणकार वाचक पुढच्या सगळ्याच मजकुरावर विश्वास ठेवीत नाही. आजोबांनी बावीस वर्षे निष्कलंक सेवा केली, हे सांगायला कोणत्याही वाढीव विशेषणाची गरज नाही.

जपणुकीबद्दल थोडक्यात: पदके चिंचेने किंवा पॉलिशने घासू नयेत, जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नये, फोटोच्या मागे पेनऐवजी मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत आणि सर्वांच्या चांगल्या रिझोल्यूशनच्या स्कॅन प्रती काढाव्यात. डिस्चार्ज बुक, पेन्शन आदेश आणि बँक खात्याचे तपशील असलेली पाने समाजमाध्यमांवर कधीही टाकू नयेत. आजी कुटुंब निवृत्तिवेतन घेत असेल तर या माहितीचा गैरवापर तिला महागात पडू शकतो.

गोष्ट आणि नोंद यांचा मेळ

गमत्या माणसाच्या आठवणी लिहिताना सर्वांत कठीण जागा येते ती ही. गोष्ट रंगवून सांगणे हा त्यांचा स्वभावच होता, त्यामुळे एकाच प्रसंगाच्या तीन आवृत्त्या तीन मुलांना सांगितलेल्या असतात. पहिल्या आवृत्तीत ओढा असतो, दुसरीत नदी आणि तिसरीत दुथडी भरलेली ब्रह्मपुत्रा. काय करावे?

आधी काळ ठरवावा. गावाकडची माणसे वर्षे सांगत नाहीत, घटना सांगतात, आणि त्या घटनांच्या तारखा पक्क्या असतात. ‘पानशेत फुटले तेव्हा मी रंगरूट होतो’ म्हणजे जुलै १९६१. ‘भूकंपाच्या वेळी रजेवर होतो’ असे कराड-पाटणकडचा माणूस म्हणाला तर ती कोयनेची ११ डिसेंबर १९६७ ची पहाट असते. ‘यशवंतराव दिल्लीला गेले त्या साली भरती झालो’ याचा अर्थ १९६२ चा शेवट, चीनशी युद्ध झाले आणि चव्हाणांकडे संरक्षण खाते आले तो काळ. ‘दुष्काळात घरी पैसे धाडले’ म्हणजे बहुधा १९७२ आणि त्याच्या आसपासचे महिने. आजी मुलांच्या जन्मावरून सांगेल: थोरला पोटात होता, धाकटी रांगत होती. ही सगळी वाक्ये एका लांब कागदावर डिस्चार्ज बुकातील तारखांशेजारी मांडली की आयुष्याचा सांगाडा आपोआप उभा राहतो आणि कोणती गोष्ट कुठे बसते, कोणती कुठेच बसत नाही, हे कळते.

मग पलटणीचा इतिहास पाहावा. उदाहरणार्थ, पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या उत्तरेकडील जमालपूरच्या लढाईत होती. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ विमानांतून छत्रीने उतरली ती दुसरी पॅरा (पॅराशूट) पलटण, जी मूळची मराठा पलटण. आजोबा जंगी पलटणीत होते आणि ‘आम्ही छत्रीने टांगाइलला उतरलो’ असे सांगत असत, तर एकतर ऐकणाऱ्याच्या कानांत दोन गोष्टींची गल्लत झाली आहे किंवा आजोबांनी नातवाचे डोळे मोठे झालेले पाहून एक पाऊल पुढे टाकले आहे. अशा वेळी गोष्ट काढून टाकू नये आणि खरी म्हणून छापूही नये. ‘आजोबा असे सांगत’ या शब्दांनी ती पूर्ण, त्यांच्या रंगासकट द्यावी आणि पुढच्या ओळीत नोंदीप्रमाणे त्यांची पलटण कुठे होती ते शांतपणे लिहावे. त्यांची गोष्ट आणि त्यांची सेवा, दोन्ही अशाने सुरक्षित राहतात. नोंद पाहिल्यावर पुष्कळदा असेही आढळते की त्यांनी जे वाढवून सांगितले त्यापेक्षा जे सांगितलेच नाही ते मोठे होते.

प्रत्यक्ष लिहिताना

जन्मतारीख, गाव आणि शिक्षण यांपासून सुरुवात करू नये. ती माहिती शेवटच्या पानावर तक्त्यात द्यावी. सुरुवात आजोबा ज्या प्रसंगात पूर्णपणे स्वतः असतात अशा प्रसंगाने करावी. ‘ते अत्यंत मनमिळाऊ, विनोदी आणि मुलांवर प्रेम करणारे होते’ हे वाक्य कोणाच्याही आजोबांना लागू पडते. त्याऐवजी असे लिहावे: ‘रोज संध्याकाळी ते आम्हा नातवंडांना अंगणात फॉलिन करवीत, रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या सर्वांत धाकट्याला सुभेदारसाहेब म्हणून कडक सलाम ठोकीत, सुभेदारसाहेबांचे वाहणारे नाक पुसत आणि मगच परेड सुरू होई.’ या एका वाक्यात विनोद आहे, प्रेम आहे, फौज आहे, आणि एकही विशेषण लागलेले नाही.

किस्सा सांगताना त्याची चाल बिघडू नये म्हणून तो आधी मोठ्याने सांगून पाहावा. आजोबा कुठे थांबत, कोणते वाक्य दोनदा म्हणत, स्वतः केव्हा हसत, हे लक्षात घेऊन तिथेच परिच्छेद संपवावा. किस्सा संपल्यावर ‘यावरून त्यांचा हजरजबाबीपणा दिसून येतो’ असे लिहिले की हसू मावळते. सापडलेले सगळे किस्से घेण्याचीही गरज नाही. सहा-सात नीट, सविस्तर लिहिलेले प्रसंग चाळीस त्रोटक प्रसंगांपेक्षा माणसाला अधिक जवळ आणतात. उरलेले वहीत राहू द्यावेत.

सेवेचा भाग वेगळ्या गंभीर प्रकरणात कोंडू नये. भरतीच्या दिवशी छाती मोजताना त्यांनी श्वास कसा धरून ठेवला, शपथ घेताना काय वाटले, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना पहिल्यांदा हजार कंठांतून ऐकली तेव्हा अंगावर काटा कसा आला, आणि त्याच रात्री बराकीत कोणी कोणाचे बूट लपवले, हे सलग येऊ द्यावे. त्यांच्या आयुष्यात ते सलगच घडले होते.

अप्रिय गोष्टींचे काय, असा प्रश्न प्रत्येक घरात येतो. कॅन्टीनची रम कधी कधी जास्त झाली असेल, निवृत्तीनंतर पहारेकऱ्याची नोकरी करावी लागल्याचा सल मनात असेल, एखाद्या मुलाशी अबोला राहिला असेल. आजी हयात असेल तर तिचा शब्द अखेरचा मानावा. ती नको म्हणाली तर लिहू नये. तिची हरकत नसेल तर एखादी सावली राहू द्यावी. सतत हसणारा, कधीही न रागावणारा माणूस वाचकाला खरा वाटत नाही, आणि ज्यांनी त्यांचा राग पाहिला आहे त्यांना तर तो परका वाटतो.

मसुदा तयार झाल्यावर तो तीन जणांना वाचून दाखवावा: आजीला, पलटणीतील एका सोबत्याला आणि घरातील एका लहान मुलाला. आजी नाती आणि तारखा दुरुस्त करील, सोबती हुद्दे, ठिकाणे आणि पदकांची नावे तपासील, आणि मूल जिथे चुळबुळ करील तो भाग लांबला आहे असे समजावे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणानंतर त्यातील दोन-तीन प्रसंग मोठ्याने वाचण्याची पद्धत चांगली आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतील असतील तर ४ फेब्रुवारी हा मराठा दिवस, आणि १९७१ चे सैनिक असतील तर १६ डिसेंबरचा विजय दिवस हेही योग्य प्रसंग आहेत. वाचन घरातील ज्याला त्यांची नक्कल उत्तम जमते त्याच्याकडे द्यावे.

छपाईसाठी जिल्ह्याच्या ठिकाणचा कोणताही साधा छापखाना चालतो. चाळीस-पन्नास पानांची, शिवलेली, आजीला आणि सोबत्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांतील पुस्तिका पुरेशी आहे. प्रती घरातील प्रत्येक शाखेला, गावच्या वाचनालयाला, ते शिकले त्या शाळेला आणि पलटणीच्या हयात सोबत्यांना पोहोचवाव्यात. रेजिमेंटल सेंटरलाही एक प्रत पत्रासह पाठवावी. शेवटी पाच-सहा पाने कोरी ठेवावीत आणि त्यांच्या आधी एक फोन क्रमांक द्यावा, कारण पुस्तिका हाती पडताच कोणीतरी नक्की फोन करून म्हणेल की पृष्ठ अकरावरचा किस्सा चुकीचा आहे, ती म्हैस आजोबांनी नव्हे तर आपण सोडली होती. तो फोन घेणाऱ्याने वही जवळच ठेवावी.